आधी गाभ्याचा हिशेब: टोपोलॉजिकल इन्सुलेटरमधलं पृष्ठभागाचं वहन कसं मोजावं

बिस्मथ सेलेनाइड हा टोपोलॉजिकल इन्सुलेटर, म्हणजे आतून इन्सुलेटर आणि पृष्ठभागावर वाहक असायला हवा असा पदार्थ. त्याचा चकचकीत तुकडा मल्टीमीटरला लावला, तर तो इन्सुलेटरसारखा मुळीच वागत नाही. रोध ओमभरही भरत नाही आणि तुकडा थंड केला की आणखी उतरतो. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. नाव इन्सुलेटरचं, वागणूक धातूची, मग पृष्ठभागावरचा तो प्रसिद्ध प्रवाह हाच का? नाही. दिसतंय ते जवळजवळ सगळं गाभ्याचं, म्हणजे पृष्ठभागाच्या आतल्या सगळ्या भागाचं वहन आहे. पृष्ठभागाचा वाटा त्यात असतो, पण तो वेगळा काढून दाखवावा लागतो. हा लेख त्या वेगळं काढण्याबद्दल आहे. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष, नागपुरात हाताशी एक भट्टी, एक लॉक-इन अँप्लिफायर (ठरावीक वारंवारतेचा बारीक सिग्नल गोंगाटातून उचलणारं यंत्र) आणि द्रवरूप नायट्रोजनचं भांडं, एवढं गृहीत धरलं आहे.

भौतिकी थोडक्यात. बिस्मथसारख्या जड अणूंमध्ये इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षा यांची जोडणी इतकी जोरदार असते की ऊर्जापट्ट्यांचा नेहमीचा क्रम उलटतो. उलट्या क्रमाचा पदार्थ जिथे संपतो आणि हवा किंवा निर्वात सुरू होतो, तिथे बँड गॅप (पट्ट्यांमधलं ऊर्जेचं अंतर) मिटावाच लागतो, म्हणून पृष्ठभागावर धातूसारख्या अवस्था उरतात. त्यांत इलेक्ट्रॉनची दिशा आणि स्पिन एकमेकांना बांधलेले असतात. त्यामुळे चुंबकीय नसलेल्या अशुद्धीवर आदळून इलेक्ट्रॉन सरळ उलटा फिरू शकत नाही. तिरका मात्र विखुरतो. तेव्हा ‘पृष्ठभागावर रोध शून्य असतो’ हे कुठे ऐकलं असेल तर विसरा. २००७मध्ये वुर्झबर्गला मर्क्युरी टेल्युराइडच्या पातळ थरात कडेनं होणारं वहन मोजलं गेलं. २००९मध्ये बिस्मथ सेलेनाइडच्या पृष्ठभागावरचा डिराक शंकू (तिथल्या अवस्थांचा ऊर्जा-संवेग आलेख, शंकूच्या आकाराचा) फोटोइमिशनमध्ये, म्हणजे प्रकाश टाकून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजण्याच्या पद्धतीत, दिसला. फोटोइमिशन पृष्ठभागच पाहतं. तारा जोडून मोजणाऱ्याला मात्र गाभा आणि पृष्ठभाग एकत्रच हाती येतात, आणि सगळी अडचण तिथून सुरू होते.

भट्टी पेटवण्याआधी कागदावर

पृष्ठभागाचं वहन मोजायचं एकक म्हणजे इलेक्ट्रॉनच्या विद्युतप्रभाराचा वर्ग भागिले प्लांकचा स्थिरांक: ३८.७ मायक्रोसीमेन्स. एका पृष्ठभागाचं वहन अशा १० एककांइतकं धरा, म्हणजे वरचा आणि खालचा मिळून ०.७७ मिलिसीमेन्स. आकडा ढोबळ आहे, पण हिशेबाला पुरतो.

साध्या बिस्मथ सेलेनाइडची रोधकता १ मिलिओम-सेंमी धरली, तर विद्युतवाहकता सेंटीमीटरला १००० सीमेन्स. तुकडा १०० मायक्रॉन जाड असेल तर गाभ्याचा शीट कंडक्टन्स (विद्युतवाहकता गुणिले जाडी) १० सीमेन्स, आणि त्यापुढे आपला ०.७७ मिलिसीमेन्स म्हणजे ०.००८ टक्के. कितीही महागडं व्होल्टमीटर आणलं तरी हा वाटा वेगळा दिसणार नाही.

आता अतिथंड अवस्थेत २ ओम-सेंमी रोधकता देणारा बिस्मथ टेल्युराइड-सेलेनाइडचा क्रिस्टल घ्या. तेवढ्याच जाडीत गाभ्याचे ५ मिलिसीमेन्स, म्हणजे पृष्ठभागाचा वाटा १३ टक्के. जाडी १० मायक्रॉनवर आणली की तोच वाटा ६० टक्क्यांवर जातो. साधं बिस्मथ सेलेनाइडच वापरायचा हट्ट असेल, तर त्याच रोधकतेची १० नॅनोमीटरची फिल्म लागेल (तिथे वाटा ४० टक्क्यांच्या पुढे जातो), आणि त्यासाठी मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सीचं (निर्वातात एकेक अणुथर चढवणारं) यंत्र लागतं.

म्हणून दोनच मार्ग आहेत: गाभा वाईट वाहक करा, नाहीतर तुकडा पातळ करा. जमलं तर दोन्ही करा.

कोणता पदार्थ

बिस्मथ सेलेनाइड बनवायला सोपं, पण त्यातून सेलेनियम उडून जातं. रिकामी राहिलेली प्रत्येक जागा दोन इलेक्ट्रॉन गाभ्याला देते. दर घनसेंटीमीटरला १० चा १८वा ते १९वा घात इतके इलेक्ट्रॉन सहज जमतात. बिस्मथ टेल्युराइडमध्ये दुखणं उलटं: टेल्युरियमच्या जागी बिस्मथ जाऊन बसतो आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धन प्रभारासारख्या वाहतात) तयार होतात. दोन दोषांनी एकमेकांना मारावं या कल्पनेतून दोन बिस्मथ, दोन टेल्युरियम, एक सेलेनियम असं मिश्रण आलं. त्यात सेलेनियम पाच अणुथरांच्या गठ्ठ्यात मधल्या थरात जाऊन बसतं, तिथून ते सहजी निसटत नाही. पहिला क्रिस्टल याचाच करा. बिस्मथ, अँटिमनी, टेल्युरियम एकेक आणि सेलेनियम दोन असं चार मूलद्रव्यांचं मिश्रण गाभ्याला आणखी दाबतं, पण त्यात चुकायला जागाही जास्त. ते दुसऱ्या फेरीला ठेवा.

समॅरियम हेक्साबोराइड हा वेगळ्याच जातीचा पदार्थ. थंड होताना त्याचा रोध प्रचंड चढतो आणि ४ केल्विनच्या आसपास सपाट होतो. त्या सपाटीत रोध जाडीवर अवलंबून राहत नाही, हे २०१३च्या सुमाराला दाखवलं गेलं. मोजायला तो फार छान, पण द्रवरूप हेलियमशिवाय त्यातलं काहीच दिसत नाही.

वजन, नळी, भट्टी

५ ग्रॅम बिस्मथ टेल्युराइड-सेलेनाइडसाठी बिस्मथ २.७७८५ ग्रॅम, टेल्युरियम १.६९६५ ग्रॅम, सेलेनियम ०.५२५० ग्रॅम. चार मूलद्रव्यांच्या मिश्रणाला, तेवढ्याच ५ ग्रॅमसाठी, बिस्मथ १.६९५५, अँटिमनी ०.९८७९, टेल्युरियम १.०३५२, सेलेनियम १.२८१४ ग्रॅम. शुद्धता ९९.९९९ टक्के तरी हवी. भुकटी घेऊ नका, खडे किंवा गोळ्या घ्या. भुकटीचं पृष्ठफळ मोठं, म्हणजे ऑक्साइडही जास्त, आणि तो ऑक्सिजन शेवटी गाभ्यातच मुरतो. बिस्मथच्या खड्यावर पिवळसर किंवा जांभळट झाक दिसली तर पातं घेऊन खरवडा. वजनात एक मिलिग्रॅम सेलेनियम कमी पडलं तर सगळा क्रिस्टल इलेक्ट्रॉनांकडे झुकतो, म्हणून सेलेनियम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश तोला. खडा फोडून वजन जुळवायला वेळ लागतो, तेवढा द्या.

क्वार्ट्झ नळी १० मिमी आतल्या व्यासाची, भिंत दीड मिमी, एका बाजूनं बंद. सौम्य नायट्रिक आम्ल, मग शुद्ध पाणी, मग अॅसिटोन असं धुवा आणि पंपावर लावून ९०० अंशांना तासभर तापवा. हे टाळलं तर क्वार्ट्झच्या भिंतीत धरलेलं पाणी भट्टीत बाहेर येतं आणि सेलेनियमशी भिडतं. माल भरल्यावर १० चा उणे ५वा घात मिलिबार किंवा त्याखाली निर्वात करून ज्योतीनं बंद करा. बंद नळीची लांबी १२ ते १५ सेंमी ठेवा आणि माल तिच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका.

नळी फुटते ती घाईनं. सेलेनियम ६८५ अंशांना उकळतं, पण बिस्मथ २७१ अंशांनाच वितळतं. दोघांना आधी एकमेकांत मिसळू दिलं तर मोकळं सेलेनियम उरत नाही. तापमानाचा क्रम असा ठेवा:

१. ताशी ५० अंशांनी ३०० पर्यंत, तिथे १२ तास.
२. पुन्हा ताशी ५० अंशांनी ८५० पर्यंत, तिथे ४८ तास. या वेळात तीन-चारदा लांब सांडशीनं नळी हलवा. तोंडावर शील्ड आणि हातात जाड मोजे हवेतच.
३. ताशी ५ अंशांनी ५०० पर्यंत. याला ७० तास लागतात.
४. ५०० अंशांना ९६ तास, मग भट्टी आपोआप थंड होऊ द्या.

एकूण जवळजवळ दहा दिवस. मे महिन्यात दहा दिवसांत वीज एकदाही जाणार नाही, यावर पैज लावू नका. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये वीज परत आल्यावर कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करायचा की थांबला तिथून, असा पर्याय असतो. तो आधीच ‘तिथून’ वर ठेवा. पाऊण तासाचा खंड पायरी २ किंवा ४मध्ये आला तर फारसं बिघडत नाही. पायरी ३मध्ये आला तर वितळलेला माल झटक्यात गोठतो आणि एका मोठ्या क्रिस्टलऐवजी बारीक दाणे हाती येतात. जनरेटरची जोडणी मिळवायची असेल तर त्या तीन दिवसांसाठी मिळवा.

नळी फोडताना ती कापडात गुंडाळून फ्यूम हूडमध्ये फोडा. सेलेनाइडचा तुकडा आम्लात टाकू नका, हायड्रोजन सेलेनाइड विषारी असतं. श्वासाला लसणासारखा वास येऊ लागला तर टेल्युरियम शरीरात गेलंय असं समजा आणि हूडचा पंखा तपासा.

क्रिस्टल कामाचा आहे का

क्रिस्टलचे थर एकमेकांना सैल चिकटलेले असतात, म्हणून पात्याच्या टोकानं किंवा चिकटपट्टीनं तो सहज सोलला जातो. सोललेला पृष्ठभाग आरशासारखा आणि एका पातळीत हवा. मध्ये रेघा किंवा त्रिकोणी पायऱ्या दिसल्या तर तो भाग मोजायला घेऊ नका.

पहिली परीक्षा सोल्डरिंग आयर्नची. मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा, लाल टोक गरम आयर्नच्या जवळ, काळं थंड बाजूला. आकडा अधिक आला तर वाहक इलेक्ट्रॉन आहेत, उणे आला तर होल. स्वस्तातलं मल्टीमीटर इथे चालतं. एकाच कांडीच्या दोन टोकांना वेगवेगळं चिन्ह आलं तर दु:खी होऊ नका. मध्ये कुठेतरी दोन्ही दोष एकमेकांना मारतात, आणि तुमचा चांगला तुकडा तिथेच आहे. कांडी पाच-पाच मिमीला कापून प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. एका कांडीतले सगळे तुकडे सारखे निघतील ही अपेक्षा ठेवू नका.

दुसरी परीक्षा नायट्रोजनची. ३०० केल्विनपासून ७७ पर्यंत रोध उतरत गेला तर तुकडा बाजूला ठेवा. चढत गेला, विशेषतः १५० ते ७७ केल्विनच्या पट्ट्यात चार-पाच पट झाला, तर तो पुढे न्यायच्या लायकीचा. रोधाचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडून उतार काढला की चांगल्या तुकड्यात २० ते ३० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची सक्रियन ऊर्जा येते. बँड गॅप याच्या दहापट आहे. ही ऊर्जा गॅपची नसून गॅपमधल्या अशुद्धी-पातळ्यांची आहे, हे अहवालात नीट लिहा. परीक्षक नेमकं इथेच विचारतात.

तारा जोडणं

दोन तारांनी मोजू नका, जोडणीचा रोध नमुन्याच्या कित्येक पट असतो. चार तारा लावा: बाहेरच्या दोन विद्युतधारेला, आतल्या दोन विभवांतराला. हॉल परिणामासाठी (चुंबकक्षेत्रात धारेला आडवं येणारं विभवांतर) आणखी दोन, समोरासमोर. नमुना ४ मिमी लांब, २ मिमी रुंद, सरळ कडांचा. तार सोन्याची, २५ मायक्रॉनची. इतवारीच्या सराफ्यात मिळणारी तार जाड असते आणि त्यात तांब्याचा मेळ असतो, तिच्या नादी लागू नका. तांबं या पदार्थांच्या थरांमध्ये खोलीच्या तापमानालाही शिरतं आणि डोपिंग (अशुद्धीनं येणाऱ्या वाहकांचं प्रमाण) बदलतं. नुसती तांब्याची तार लावली तर आठवड्यापूर्वीचा आणि आजचा नमुना एक राहत नाही.

सिल्व्हर पेस्ट चालते, पण ती खोलीतच वाळवा, ओव्हनमध्ये नाही. चांदीही गरम केली की आत जाते. विद्युतधारेच्या दोन जोडण्या वरच्या पृष्ठभागावर ठिपका देऊन भागवू नका. थरांना आडवी जाणारी रोधकता थरांतल्यापेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे वरून सोडलेली धारा खालच्या थरांपर्यंत पोचतच नाही आणि तुमच्या सूत्रातली जाडी खोटी ठरते. पेस्ट टोकाच्या अख्ख्या उभ्या कडेवर, वरपासून खालपर्यंत लावा. विभवांतराचे ठिपके मात्र जितके बारीक जमतील तितके बारीक. ०.३ मिमीचे दोन ठिपके २ मिमी अंतरावर असतील तर अंतरातच १५ टक्क्यांची अनिश्चितता आहे. ठिपक्यांचा फोटो सूक्ष्मदर्शकातून, शेजारी मोजपट्टी ठेवून, प्रत्येक वेळी घ्या.

इंडियमचा चपटा दाणा दाबून लावणं सोपं आणि टिकाऊ. पण इंडियम ३.४ केल्विनखाली अतिवाहक होतं आणि २८ मिलिटेस्लाच्या आसपास ती अतिवाहकता मोडते. म्हणजे शून्य चुंबकक्षेत्राजवळ रोधात एक टोकदार खड्डा, अगदी वीक अँटिलोकलायझेशनसारखा (शून्य क्षेत्राजवळ रोध घटवणारा पुंजीय परिणाम, ज्याबद्दल पुढे येईलच). त्यावर बऱ्याच जणांनी आनंदाच्या उड्या मारल्या आहेत.

हात बसवायचा असेल तर सीताबर्डीतून एक पेल्टियर पट्टी आणा. तिच्यातले दाणे बिस्मथ टेल्युराइडच्याच कुळातले असतात. पृष्ठभागाच्या कामाला ते निरुपयोगी, कारण मुद्दाम भरपूर डोपिंग केलेलं असतं. पण तारा चिकटवायला आणि पुढच्या भागात सांगितलेली औष्णिक विभवांतराची भानगड स्वतःच्या डोळ्यांनी बघायला याहून स्वस्त नमुना मिळणार नाही.

नायट्रोजनवरची मोजणी

नमुना तांब्याच्या ठोकळ्यावर बसवा. मध्ये सिगारेटचा पातळ कागद आणि जीई व्हार्निश: विद्युत रोखतं, उष्णता जाऊ देतं. पीटी-१०० हा प्लॅटिनमचा तापमान-संवेदक नमुन्यापासून ५ मिमीच्या आत एपिझॉन ग्रीसनं चिकटवा. द्रवात बुडाला की तो २० ओमच्या जरा वर यायला हवा. २५ दाखवत असेल तर संवेदक ठोकळ्याला चिकटलेला नाही, किंवा तारांचा रोध त्यात मिसळतोय.

या पदार्थांचा सीबेक गुणांक (टोकांतल्या तापमानाच्या फरकानं निर्माण होणारं विभवांतर) केल्विनला १००-२०० मायक्रोव्होल्टपर्यंत जातो, आणि नवख्यांची बहुतेक बिघडलेली मोजणी इथे बिघडते. नमुन्याच्या दोन टोकांत दशांश केल्विनचा फरक असला की १०-२० मायक्रोव्होल्ट फुकटचे आले. १ मिलिअँपिअर धारेवर, ओमच्या आतल्या रोधाच्या नमुन्यात, खरा सिग्नल १०० ते २०० मायक्रोव्होल्टचाच असतो. धारेची दिशा उलटवून दोन्ही वाचनांची वजाबाकी केली की ही चूक जाते, असं प्रत्येक प्रयोगपुस्तकात असतं. ते अर्धंच खरं आहे. धारा स्वतःच पेल्टियर परिणामानं एक टोक गरम आणि दुसरं थंड करते, आणि धारा उलटली की हा फरकही उलटतो. सावकाश उलटवली तर ही चूक वजाबाकीतून सुटते आणि रोध जास्त दिसतो. उपाय एकच: उष्णतेला पोचायला वेळ मिळू नये इतकी झटपट दिशा बदला. लॉक-इन १० ते २० हर्ट्झमध्ये चालवा, १७.७ सारखा आकडा घ्या, म्हणजे ५० हर्ट्झचे कुठलेही पट त्याच्या जवळ येत नाहीत. मग वारंवारता दुप्पट करून बघा. रोध बदलला तर अजून पेल्टियर उरलाय, किंवा तारांची धारिता आडवी येतेय. बदलला नाही तर पुढे जा.

कूलरबद्दल वेगळं सांगायलाच हवं. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या प्रयोगशाळेत डेझर्ट कूलर चालूच असतो. तो खोलीत पाणी सोडतो आणि त्याची मोटर त्याच लाइनवर खडखडते. थंड ठोकळा त्या हवेत बाहेर काढला की क्षणात दव, आणि दवाचं पाणी ताज्या सोललेल्या पृष्ठभागावर. मोजणीच्या तासाभरात कूलर बंद ठेवा, लॉक-इन आणि भट्टी वेगवेगळ्या फेजवर घ्या, आणि ठोकळा बाहेर काढण्याआधी कोरड्या नायट्रोजन वायूत खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जुलैतही हेच, फक्त कूलरचा दोष पावसाला द्यायचा.

द्रवरूप नायट्रोजन हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीला गॅस पुरवणाऱ्या विक्रेत्यांकडे विचारा. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी हाच नायट्रोजन विदर्भात खेडोपाडी जातो, तेव्हा भांडी आणि वाहतूक ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. भांड्याचं तोंड बुचानं घट्ट बंद करू नका आणि बंद खोलीत ओतू नका.

नमुना खाली सोडताना मिनिटाला १ ते २ केल्विन, याहून जलद नाही. उतरतानाचा आणि चढतानाचा आलेख एकमेकांवर बसायला हवेत. बसले नाहीत तर वेग निम्मा करा.

जाडीची मालिका

हेच या सगळ्या कामाचं मर्म. थंड होताना रोध आधी चढला आणि मग सपाट झाला, म्हणजे पृष्ठभाग सापडला, असं समजू नका. गॅपमधल्या अशुद्धी-पट्टीतून होणारं गाभ्याचं वहनही तसंच सपाट होतं. नुसत्या आलेखाच्या आकारावरून दोन्ही ओळखता येत नाहीत, जाडी बदलूनच ओळखता येतात. शीट कंडक्टन्स म्हणजे पृष्ठभागाचा वाटा अधिक गाभ्याची विद्युतवाहकता गुणिले जाडी. जाडी आडव्या अक्षावर, शीट कंडक्टन्स उभ्या अक्षावर मांडा. उतार गाभ्याचा, आणि जाडी शून्य असताना उरणारा छेद पृष्ठभागाचा.

एकच तुकडा चिकटपट्टीनं सोलत २००, १००, ५० आणि २५ मायक्रॉनला मोजा. आधीच्या हिशेबातले आकडे घेतले तर शीट कंडक्टन्स अनुक्रमे १०.८, ५.८, ३.३ आणि २.० मिलिसीमेन्स यायला हवा. आता बघा: २०० मायक्रॉनच्या जाडीत ५ टक्के चूक झाली तर त्या बिंदूत अर्ध्या मिलिसीमेन्सची चूक शिरते, आणि आपण शोधतोय तो छेद ०.७७चा आहे. म्हणून रेषा बसवताना प्रत्येक बिंदूला त्याच्या चुकीप्रमाणे वजन द्या आणि पातळ तुकडे जास्त घ्या. जाड बाजूला दहा बिंदू असले तरी त्यांनी छेद ठरत नाही.

जाडी स्क्रू गेजनं मोजू नका. त्याचं लघुतम माप १० मायक्रॉन, शिवाय तो मऊ क्रिस्टल दाबून टाकतो. वजनानं मोजा. बिस्मथ टेल्युराइड-सेलेनाइडची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम. ४ मिमी बाय २ मिमी तुकडा ५० मायक्रॉन जाड असेल तर वजन ३.१ मिलिग्रॅम. ०.०१ मिलिग्रॅमच्या तराजूनं ते सहज कळतं. क्षेत्रफळ सूक्ष्मदर्शकातल्या फोटोवरून. वजन तारा लावण्याआधी करा, पेस्टचं वजन त्यात धरू नका. (हे आवर्जून लिहावं लागतं.)

ही मालिका आधी ७७ केल्विनला करा. तिथे गाभ्याचं वहन अजून जोरात असतं, म्हणून रेषा चुकीच्या मर्यादेत शून्यातून जायला हवी. छेद ठळकपणे अधिक आला, तर पृष्ठभाग ७७ला सापडला म्हणून पेपर लिहायला बसू नका. बहुधा पातळ तुकड्यांची जाडी कमी मोजली गेली आहे किंवा ठिपक्यांमधलं अंतर चुकलं आहे. छेद उणे आला तर पातळ तुकड्याला चिरा गेल्या आहेत. ७७ केल्विनला रेषा नीट बसली तरच त्याच क्रिस्टलचे जाड तुकडे हेलियमला न्या.

हेलियम आणि चुंबक

इथून पुढचं शहराबाहेर. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सोर्शियममध्ये विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रस्ताव पाठवून अतिथंड तापमान आणि चुंबकक्षेत्राची यंत्रं वापरता येतात. प्रस्तावात ७७ केल्विनची जाडी-मालिका जोडा. नुसता क्ष-किरण आलेख पाठवण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. तुकडे जाड ठेवून, सिलिका जेल घातलेल्या निर्वात डब्यात न्या आणि तिथे पोचल्यावर सोला. हवेत काही तासांतच पृष्ठभागाजवळच्या ऊर्जापट्ट्या वाकतात आणि तिथे साध्या, टोपोलॉजिकल नसलेल्या इलेक्ट्रॉनांचाही पातळ थर साठतो. तोही दोन मितींचा असतो, म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्यांत तो फसवतो. सोलल्यापासून थंड व्हायला लागेपर्यंत तासाच्या आत रहा, आणि वेळ वहीत लिहा.

२ केल्विनला धारा १०० मायक्रोअँपिअरच्या वर नेऊ नका. निम्म्या धारेवरही रोध तोच आला पाहिजे, नाहीतर नमुना तापतोय.

हॉल परिणाम दोन्ही दिशांच्या क्षेत्रात मोजून वजाबाकी करा, म्हणजे समोरासमोरचे ठिपके थोडे तिरके लागल्याची चूक जाते. फक्त पृष्ठभागच वाहत असता आणि दर चौरस सेंटीमीटरला १० चा १३वा घात वाहक असते, तर १ टेस्लाला ६२ ओम आले असते. याच्या हजारांश येत असेल तर गाभा बोलतोय. आलेख सरळ नसून वळत असेल तर दोन प्रकारचे वाहक आहेत. दोन वाहकांचं सूत्र बसवा, पण त्याला चार मोकळे आकडे असतात आणि ते कशालाही बसतं. जाडीच्या मालिकेतून आलेला पृष्ठभागाचा आकडा त्यात पक्का करा, मग उरलेले काढा.

वीक अँटिलोकलायझेशनचा खड्डा शून्य क्षेत्राजवळ असतो. कलासुसंगतीची लांबी (इलेक्ट्रॉनची तरंग-कला टिकून राहते ते अंतर) १०० नॅनोमीटर असेल तर त्याचं मोजमाप १६ मिलिटेस्ला येतं, म्हणून ±१०० मिलिटेस्लात १ मिलिटेस्लाच्या पायऱ्या घ्या. अतिवाहक चुंबकात उरलेलं क्षेत्र काही मिलिटेस्ला असतं, खड्ड्याचा तळ सरकलेला दिसला तर ते वजा करा. या खड्ड्याला बसवायच्या हिकामी-लार्किन-नागाओका सूत्रातला अल्फा हा आकडा एका पृष्ठभागाला अर्धा, दोन सुट्या पृष्ठभागांना एक. जाड क्रिस्टलमध्ये अल्फा शंभराच्या घरात आला तर तो गाभ्याच्या थरांचा आहे. गाभ्यातही स्पिन-कक्षा जोडणी जोरदारच असते, म्हणून खड्डा असणं हा पृष्ठभागाचा पुरावा होत नाही. क्षेत्र तिरकं करून, फक्त लंब घटकासमोर आलेख मांडून सगळे कोन एकावर एक बसतात का ते बघा.

शुबनिकॉव्ह-द हास दोलनांसाठी (चुंबकक्षेत्र वाढवताना रोधात येणारे चढउतार) गतिशीलता आणि क्षेत्र यांचा गुणाकार एकापेक्षा मोठा लागतो. गतिशीलता १००० असेल तर १० टेस्लापुढे, ३००० असेल तर साडेतीन टेस्लापासून दोलनं दिसू लागतात (एकक: चौरस सेंटीमीटर दर व्होल्ट-सेकंद). क्षेत्राच्या व्यस्तासमोर आलेख काढून वारंवारता घ्या. एका डिराक पृष्ठभागात दर चौरस सेंटीमीटरला १० चा १२वा घात वाहक असतील तर ती ४१ टेस्ला येते. या वारंवारतेवरून मिळालेली वाहकसंख्या आणि हॉलवरून मिळालेली यांत शंभरपट फरक असेल, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. तेवढा वाटा गाभ्याचा आहे, तसंच लिहा.

नमुना तिरका केल्यावर वारंवारता कोनाच्या कोसाइनच्या व्यस्तानं वाढली तर अवस्था दोन मितींची. पण ६० अंशांपर्यंत तरी न्या, कारण ३० अंशांपर्यंत लांबट त्रिमितीय फर्मी पृष्ठभागही जवळजवळ तसाच वागतो. लँडाऊ क्रमांकांच्या (दोलनांना क्रमानं दिलेले पूर्णांक) रेषेचा छेद अर्ध्यावर आला की बेरी फेज π (डिराक अवस्थांची खूण), असं झटपट लिहिलं जातं. क्रमांक रोधाच्या तळांना द्यायचे की वाहकतेच्या तळांना, यातच अर्ध्याचा फरक पडू शकतो. रोध आणि हॉल दोन्ही एकाच फेरीत मोजा, त्यांवरून वाहकता काढा, पूर्णांक वाहकतेच्या तळांना द्या, आणि पाचव्या क्रमांकाच्या खालची दोलनं हाती नसतील तर छेदाचा आकडा छापू नका.